आप्पाला सज्ञान करताना

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या सत्तर वर्षांच्या भावाला सज्ञान करून घेण्यासाठी मी दौंडहून न्हावऱ्याला अकरा हेलपाटे घातले. अकरा म्हणजे अकरा. पस्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नग मोजण्यात गेली, ती खोड निवृत्त होऊनही जात नाही. एसटीनं चौफुला गाठायचा, तिथं उन्हात उभं राहायचं, मग मिळेल त्या गाडीनं भीमेचा पूल ओलांडून न्हावरे. आणि हे सगळं कशासाठी, तर सातबाऱ्यावरची तीन अक्षरं काढायला.

आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ. न्हावऱ्याला त्याचं तीन एकर रान, एक विहीर, दोन म्हशी, आणि दोन्ही गुडघे गेलेले. उसाला पाणी द्यायचं तर दारं धरावं लागतं. फावडं घेऊन चिखलात उतरायचं, एक सरी भरली की माती ओढून तिचं तोंड बंद करायचं, दुसरीचं उघडायचं. डॉक्टर म्हणतात, चिखलात उतरायचं नाही. विहिरीला पाणी तासाभराचं. कालव्याचं आवर्तन कधी सुटेल ते कालव्यालाच माहीत. आप्पाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, रांजणगावला कंपनीत, शिफ्टच्या पायी त्याला घरचं तोंड दिसत नाही. ठिबक बसवणं एवढाच उपाय उरला होता. ठिबक बसलं तर आप्पा बांधावर बसून कॉक फिरवणार आणि ऊस जगणार. नाही बसलं तर रान वाट्यानं द्यायचं आणि आप्पानं घरात खाटेवर बसायचं. खाटेवर बसलेला आप्पा माझ्या डोळ्यांपुढं काही केल्या येत नव्हता, आणि येऊही नये असं मला वाटत होतं.

"मग घे की विकत," मीही आधी म्हणाले होते. तर नियम असा की अनुदान पाहिजे असेल तर पूर्वसंमतीचं पत्र आल्याशिवाय नळीचा तुकडासुद्धा घ्यायचा नाही. आधी घेतला तर अनुदान गेलं. म्हणजे हाताची घडी घालून ऊस वाळताना बघत बसायचं. मला नियम मुळातून वाचल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून दौंडातल्या झेरॉक्सवाल्याकडून सगळे कागद काढून घेतले. एक शासन निर्णय, त्यात सुधारणा करणारा दुसरा, दुसऱ्यातली चूक दुरुस्त करणारं शुद्धिपत्रक, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर 'वाचा' म्हणून आधीच्या सगळ्यांची यादी. चार दिवस वाचलं. रेल्वेची परिपत्रकं बरी म्हणायची, निदान त्यांच्या शेवटी गाडी तरी सुटते.

अर्ज भरून बरेच दिवस झाले होते. आम्ही आशा सोडली होती आणि मग एका सकाळी आप्पाच्या मोबाइलवर मेसेज आला. आपली निवड झाली आहे, दहा दिवसांत कागदपत्रे अपलोड करा. आप्पानं मला फोन केला. "बायडे, लागलं बघ आपलं ठिबक," म्हणाला. मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि मला बायडे म्हणणारा जगात हा एकटा उरलाय. मी पुढच्याच गाडीनं निघाले.

सेवा केंद्र न्हावऱ्याच्या चौकात, मोबाइल रिचार्जच्या दुकानातच. चालवणारा चाळिशीतला, तोंडात कायम बडीशेप. त्यानं आप्पाचा आधार नंबर टाकला, सातबारा काढला, आणि मान हलवली.

"मावशी, शेतकरी आयडी निघंना. दोन्हीकडचं नाव जुळत न्हाई."

"का नाही जुळत? नाव तेच आहे की."

"तेच हाय, पण पुढं अपाक लावलंय. अपाक म्हंजी काय, आडनाव हाय का तुमचं?"

मी चष्मा लावून पडद्यावर बघितलं. आप्पाचं नाव, त्याच्यापुढं अ.पा.क. आई, आणि पुढं आमच्या आईचं नाव. मला हे कळायला क्षणभर वेळ लागला. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांच्या आतल्याला अज्ञान म्हणतात आणि वरच्याला सज्ञान. आमचे वडील गेले तेव्हा आप्पा नऊ वर्षांचा आणि मी दोन. रान आप्पाच्या नावावर चढलं, तो लहान म्हणून पालनकर्ती आई. पोरगं अठराचं झालं की तलाठ्याकडं एक अर्ज द्यायचा, शेरा निघतो. तो अर्ज कुणीच दिला नाही. आईला जाऊन तीस वर्षं झाली, आणि सरकारच्या लेखी आमचा आप्पा अजून तिच्या पदराखाली होता.

बोंबला! ह्या अज्ञान माणसानं सोसायटीच्या किती निवडणुकांत मतं दिली, कारखान्याला ऊस घातला, दूध डेअरीचा चेअरमन झाला, दोन पोरींची लग्नं लावली. आणि मीसुद्धा! लग्नानंतर मी शिरूरला जाऊन हक्कसोडपत्र करून दिलं होतं, त्याला हाच सातबारा जोडला होता. सज्ञान बहिणीनं अज्ञान भावाला हक्क सोडून दिला आणि साहेबापासून शिपायापर्यंत कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. माझ्याही नाही. पार्सलच्या पावतीवर एक अक्षर चुकलं तर मी माणूस परत पाठवायची, पण भावाच्या सातबाऱ्यावर सही केली ती न वाचता. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला स्वतःचाच इतका संताप आला की काय सांगू.

आप्पानं मात्र टोपी काढून मांडीवर ठेवलेली, नजर खाली.

बाहेर आल्यावर चहा सांगितला. म्हटलं, "आप्पा, तुला हे माहीत होतं का रे?"

"व्हय. कवाचं ठाव हाय."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, आणि मग सांगितलं. मिसरूड फुटायच्या वयात तो एकदा उतारा आणायला गेला होता. तेव्हाच्या तलाठ्यानं हसत हसत सांगितलं, पोरा, तुझ्या नावापुढं अज्ञान लिहिलंय. "मला वाटलं बरूबरच हाय. तिसरीतनं शाळा सुटली, शिकलो कुठं मी? सरकारला बी ठाव हाय म्हणलं."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. "अरे, पण एवढ्या वर्षांत काढून टाका म्हणून सांगायचंस तरी!"

"कुठल्या तोंडानं सांगायचं? माझं अज्ञान काढा म्हणलं आन् त्यांनी परीक्षा घेतली म्हंजी?"

अरे देवा! मी टपरीवरच ओरडले त्याच्यावर. खुळा आहेस का, म्हटलं, वयाचा शब्द आहे तो, अकलेचा नाही! लोक बघायला लागले. आप्पा कसंनुसं हसला आणि बशी ओठाला लावली. बावन्न वर्षं हा माणूस सातबारा घडी घालून, शब्द आत करून, वरच्या खिशात बाळगत होता. आणि शिकलेली बहीण सणासुदीला येऊन पुरणपोळी खाऊन जात होती. मला रडू फुटलं असतं, पण चहावाला मध्येच "साखर कमी पडली का?" विचारायला आला.

आता ठिबक मिळायचं तर आधी आप्पानं सज्ञान व्हायला हवं होतं, आणि हातात नऊ दिवस होते.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, कुलूप तेच. तीन हेलपाट्यांनंतर त्या ऑफिसात माणूस सापडलं. मुलगी तरुण, चार गावांचा चार्ज, बोलायला गोड. मला आजी म्हणाली तिथंच माझं डोकं फिरलं होतं, पण तिची चूक नव्हती हेही दिसत होतं.

"आजी, अर्ज द्या, सोबत पालनकर्त्यांचं संमतीपत्र आणि वयाचा पुरावा."

"पालनकर्ती वारली."

"मग मृत्यूचा दाखला. आणि वयाचा पुरावा."

मी आधार कार्ड पुढं केलं. तर आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरत नाहीत. आधारशिवाय अनुदान नाही, शेतकरी आयडी नाही, खत घ्यायला गेलं तर त्यालाही अंगठा पाहिजे, पण माणूस अठराच्या वर आहे का हे ठरवायला मात्र आधार चालत नाही.

"अगं बाळ, समोर बघ की," मी म्हटलं. "ह्या माणसाच्या तोंडात दात किती उरलेत ते मोज. ह्याला अठरा पूर्ण झालेली दिसत नाहीत का?"

"दिसतंय हो आजी, पण दिसलेलं अपलोड होत नाही ना."

आप्पा खो खो हसला. मला हसू आलं नाही.

वयाचा पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, म्हणून आम्ही गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. आप्पा म्हणाला, मी आत येत न्हाई, तू जा. व्हरांड्यात चप्पल काढून उभा राहिला, जसा काही उशिरा आला म्हणून कुणी रागावणार होतं. मुख्याध्यापक बाईंनी कपाटाच्या तळातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि बोट फिरवत फिरवत आप्पाचं नाव शोधून काढलं. शाई फिकी झाली होती पण गुरुजींचं अक्षर वळणदार, प्रत्येक रकाना भरलेला. जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, सोडल्याची तारीख, इयत्ता तिसरी, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: धाकट्या बहिणीस सांभाळणेसाठी.

बाई म्हणाल्या, "पाणी देऊ का?"

मला हे माहीत नव्हतं. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि मी आप्पाच्या कडेवर असायची एवढं ऐकून होते. पण घरात नेहमी असंच सांगितलं जायचं की आप्पाला शाळेची गोडी नव्हती. तोही तसंच सांगायचा. प्रगती चांगली लिहिलेल्या पोराला गोडी नव्हती म्हणे! पुढं मला सायकलवर डबल सीट बसवून शाळेत सोडणारा तोच, दौंडच्या कॉलेजात नाव घालायला आलेला तोच. मी दाखला घेऊन बाहेर आले तर आप्पानं विचारलं, "घावलं का?" मी म्हटलं, "घावलं." बाकी काही बोलले नाही. बोलले असते तर तिथं शाळेतल्या पोरांसमोर तमाशा झाला असता.

आईच्या मृत्यूचा दाखला आप्पाच्या पेटीत होताच, त्याच दिवशी अर्ज दिला. आता झालं, असं मी समजले. कसलं झालं! सातबाऱ्यावरची नोंद बदलायची म्हणजे फेरफार, आणि फेरफार म्हटला की हितसंबंधितांना नोटीस, आणि नोटिशीची मुदत पंधरा दिवस. ठिबकचे कागद अपलोड करायला उरले होते चार. मी तालुक्याला शिरूरला गेले, कृषीच्या ऑफिसात. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, "ताई, पंधरा दिवसांची नोटीस हा महसूलचा नियम, दहा दिवसांत अपलोड हा आमचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत." मी म्हटलं, "साहेब, दोन्ही बरोबर आहेत आणि मधला माणूस चिखलात उभा आहे त्याचं काय?" त्यांनी पोर्टलकडं बोट दाखवलं. तारीख माझ्या हातात नाही, म्हणाले, ती आपोआप बंद होते. माणूस असता तर मी भांडले असते. आपोआपशी काय भांडणार?

चौथ्या दिवशी मुदत संपली. त्याच आठवड्यात माझ्या दौंडच्या पत्त्यावर नोटीस आली. हितसंबंधित म्हणजे मी. आता तिच्यातली भाषा बघा. सदर इसम सज्ञान झाल्याने अ.पा.क. शेरा कमी करण्यास आपली काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, न कळविल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. म्हणजे सत्तर वर्षांचा माझा थोरला भाऊ मोठा झाला याला माझी हरकत आहे का, असं सरकार मला विचारत होतं. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून, इतक्या मोठ्यानं मी एकटीच बोलत होते.

नोटिशीच्या मागोमाग आप्पाचा फोन. "बायडे, मेसेज आलाय. रद्द झालं म्हनं." विहित मुदतीत कागदपत्रे अपलोड न केल्यामुळे आपला अर्ज रद्द करण्यात येत आहे. मी इतकी चिडले की वरच्या ऑफिसात तक्रार करते, माहितीचा अधिकार टाकते, काय काय बोलत सुटले. आप्पानं सगळं ऐकून घेतलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "पुन्यांदा भरू. पर बायडे, त्यो शबुद तेवढा काढच. त्यो काढल्याबिगर माघारी फिरू नगं."

मी विचारलं, "ठिबक नाही मिळालं तरी?"

"ठिबक न्हाई मिळालं तरी."

तो असं काही मागणारा माणूसच नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. पंधरा दिवस झाले, फेरफार मंजूर झाला, स्वच्छ सातबारा निघाला, त्याच दुपारी त्याच सेवा केंद्रात त्याच बडीशेपवाल्याकडून आम्ही नवा अर्ज भरला. तो अजून 'छाननी अंतर्गत' आहे. आवर्तन एकदा येऊन गेलं, भाच्यानं दोन सुट्ट्या काढून दारं धरलं, ऊस पिवळा पडलाय पण उभा आहे. आप्पा रोज सकाळी बांधावर जाऊन बसतो. कॉक नाही, पण सवय करून घेतो म्हणतो. पूर्वसंमतीच्या आधी मी नळी घेऊ देत नाही आणि कुणी घ्यायला निघालं तर त्याच्याशी मीच पहिली भांडेन.

पण मला सांगायचंय ते फेरफार मंजूर झाला त्या दिवशीचं. मंडल अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. हितसंबंधिताचा जबाब समक्ष घ्यायचा होता. साहेब घाईत, टेबलावर ढीग, वर पंखा कुरकुरत होता. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "तुम्हाला लिहिता येतं ना? मग तुम्हीच लिहा. भाऊ सज्ञान आहेत, हरकत नाही, एवढंच."

मी लिहिलं. मी असा जबाब लिहून देते की, अर्जदार हे माझे सख्खे थोरले बंधू असून ते वयाच्या नवव्या वर्षी सज्ञान झाले आहेत. माझी काही हरकत नाही.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा वर केला. "नवव्या? अहो बाई, अठराव्या."

"नवव्याच. शाळेच्या दाखल्यात कारण लिहिलंय, बघा. जोडलाय."

त्यांनी दाखला उलटा केला, सुलटा केला, शेवटचा रकाना वाचला. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण कायद्यात अठराच्या आधी कुणी सज्ञान होत नाही. हा कागद जोडला तर नोंद नामंजूर करावी लागेल. परत सगळं पहिल्यापासून."

"कोणता रकाना?" आप्पानं विचारलं. त्याला वाचता येत होतं, सावकाश का होईना, पण चष्मा घरी राहिला होता. साहेबांनी दाखला फायलीत सरकवला. मग आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लिव की बायडे सायेब म्हणत्यात तसं. कशाला घोळ घालतीस."

मी दुसरा कागद घेतला. वयाची अठरा वर्षे पूर्ण करून सज्ञान झाले, असं लिहिलं. खाली नेहमीची ओळ लिहिली, वरील मजकूर खरा आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी सरकारी कागदावर एक नग इकडचा तिकडं केला नव्हता. धडधडीत खोट्याखाली सही केली ती त्या दिवशी, पहिल्यांदा.